सहाव्या ओळीपासूनचे पाच आकडे

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत अशांची यादी लांब नाही. तिच्यात पहिल्या आहेत गणिताच्या बाई, आणि खरं सांगायचं तर दुसरं कोणी शोधावंच लागेल. नागपुरातल्या एका कॉलेजात त्या गणित शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, होऊही शकलो नसतो, कारण माझी शाळा सातवीतच सुटली. मी छापखान्यात खिळे जुळवायचो, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळी लावायचो. बाईंनी मला राहायला जागा मिळवून दिली, तापात मला मरू दिलं नाही, आणि शेवटी भरल्या सभेत माझी चूक स्वतःवर घेतली. हे आधीच लिहून टाकतो. पुढे जे सांगायचं आहे त्यात मीच मी येणार आहे, आणि त्यात बाई मागे पडतील अशी मला भीती वाटते.

मी राजापूरकडचा. शाळा सुटल्यावर रत्नागिरीच्या एका छापखान्यात काम शिकलो. तो छापखाना मोडीत निघाला तेव्हा मालकाने पायाने चालवायचं यंत्र आणि खिळ्यांच्या पेट्या नागपूरच्या एका गृहस्थांना विकल्या. पेट्या कुठे कशा लावायच्या हे सांगायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मला बरोबर धाडलं. महिनाभरासाठी म्हणून आलो होतो. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. अजून इथेच आहे.

छापखाना इतवारीत, भांड्यांच्या दुकानांच्या मागे होता. दिवसभर तांब्यापितळेवर ठोके पडत आणि बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. मला ते सोयीचं होतं, कारण मी बोलतच नव्हतो. सगळे 'मले', 'तुले' करायचे, आणि मी तोंड उघडलं की हसायचे. माझ्या शेजारच्या पेटीवर पारशिवनीकडचे एक म्हातारे जुळारी होते, सगळे त्यांना काका म्हणत. ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "काहून गा कोकण्या, तोंडाले कुलूप लावून आला का? किल्ली गावीच राह्यली वाटते."

बाई तिथे पहिल्यांदा आल्या त्या कॉलेजच्या परीक्षेचे पेपर छापायला. अपूर्णांक, मुळं, वरखाली चढवलेले बारके आकडे, असलं काम कोणालाच नको असायचं, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं होतं. बाईंनी प्रूफ डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. तेव्हापासूनच त्यांना कागद फार जवळ धरावा लागे.

"हे कोणी जुळवलं?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं.

"कितवी शिकला गा?"

"सातवी."

"आणि एकही चूक नाही. माह्या बीएस्सीच्या पोट्ट्यांले दाखवतो मी हे."

बायका 'दाखवते' म्हणतील तिथे बाई कधी कधी 'दाखवतो' म्हणायच्या. वर्गात मात्र त्यांची भाषा छापील, एकेक शब्द तोलून. हे मला नंतर कळलं.

त्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. मी छापखान्यातच कागदाच्या गठ्ठ्यांमागे झोपायचो. पेपरांच्या कामासाठी बाई आल्या आणि मी दिसलो नाही, म्हणून त्यांनी विचारलं. काकांनी गठ्ठ्यांकडे बोट केलं. बाईंनी रिक्षा बोलावली आणि मला उत्तर नागपुरातल्या त्यांच्या वस्तीत नेलं. बाई राहत होत्या त्या मावशीच्या घरी मागची खोली रिकामी होती. तिथे मी बावीस दिवस पडून होतो, आणि बरा झाल्यावरही तिथेच राहिलो.

छप्पन सालच्या दीक्षेच्या वेळी बाई कॉलेजात शिकत होत्या. वडील गिरणीत कामाला होते. घरी भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली पुस्तकंच पुस्तकं. मी शुद्धीवर आलो तेव्हा मावशींनी पाण्याचा पेला पुढे केला. मी एक क्षण थांबलो. आमच्या गावात मला जे शिकवलं होतं ते त्या क्षणी हातात आलं, दुसरं काही नाही. मावशींना दिसलं की नाही ठाऊक नाही. बाईंना दिसलं. त्या दारातून म्हणाल्या, "पी गा. उकळलेलं आहे." पुन्हा कधी त्याचा उल्लेख नाही. मी प्यालो. पण तो क्षण माझ्या खात्यावर राहिला, आणि नंतर जे केलं त्याच्याआधीच मी त्या घराचा देणेकरी झालो होतो, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मला सतत वाटायचं, ह्यांचं आपण काय करणार? मावशींना मी पाणी भरून द्यायचो, बाईंची पुस्तकं रविवारी उन्हात घालायचो. ह्याला काय फेडणं म्हणतात?

दोन-तीन वर्षांनी बाईंचं स्वतःचं काम छापायला आलं. चाळीसेक पानांची पुस्तिका, शाळाकॉलेजांतल्या गणिताच्या शिक्षकांसाठी, मराठीत. विषय गोलांचा. मला त्यांनी घरी समजावलं होतं. "रेषेवरचा गोल म्हणजे काडी. कागदावरचा म्हणजे चकती. हातातला म्हणजे चेंडू. एक मिती, दोन मिती, तीन मिती. पुढच्या मिती हातात येत नाही, पण मोजता येते. चौथ्या मितीतला गोल केवढा, पाचव्यातला केवढा, असं दहापर्यंत मोजून ठेवलं मी."

"आणि मग?" मी विचारलं.

"मंग काय होते ते पुस्तकात वाचजो. आधीच सांगितलं तर मजा काय?"

ह्या पुस्तिकेवर बरंच काही अवलंबून होतं. गणित शिक्षकांचा एक मेळावा व्हायचा होता, तिथे बाईंना भाषण करायचं होतं आणि पुस्तिका वाटायची होती. ती पसंत पडली तर पुढची चार पुस्तकं बाईंनीच लिहायची, असं त्या मंडळींत बोलणं चाललं होतं. दुसऱ्या एका प्राध्यापकांचंही नाव होतं. बाईंना घाई होती ती वेगळ्या कारणाने. त्यांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर जाईल, किती वर्षांत ते सांगता येत नाही. "चार पुस्तकं होईपर्यंत राह्यली तरी बस," असं त्या मावशींना सांगत असताना मी ऐकलं होतं.

आमच्याकडे कामाची वाटणी ठरलेली होती. मजकूर काकांकडे, तक्ते आणि समीकरणं माझ्याकडे. म्हणजे पुस्तक दोघं जुळवत असू, पण सलग कोणीच वाचत नसे. मी वाचायला हवी होती ती पानं काकांच्या पेटीवर होती, सहा हातांवर. मी ती मागितली नाहीत.

माझ्याकडे आला तो एकच मोठा तक्ता. दहा ओळी. डावीकडे मिती, उजवीकडे गोलाचं माप, त्रिज्या सगळीकडे एक. बाईंनी जाड निबाने, मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिला होता, म्हणजे त्यांना स्वतःला वाचता यावा. पहिल्या मितीला २. दुसरीला ३.१४१६, हा आकडा मला शाळेतून ओळखीचा होता. तिसरीला ४.१८८८. चौथीला ४.९३४८. पाचवीला ५.२६३८. माझे हात चालत होते. सहावी ओळ आली : ५.१६७७.

मी थांबलो. हा तर कमी झाला. सातवी पाहिली, ४.७२४८. मग ४.०५८७, ३.२९८५, आणि दहावीला २.५५०२.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला पाहिजे. आदल्या वर्षी एका धान्याच्या दुकानाचं कॅलेंडर आमच्याकडे होतं आणि त्यात एका महिन्यात सतरा तारीख दोनदा पडली होती. छापायच्या ऐन वेळी माझ्या लक्षात आलं. मालकांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. "इसके आंखसे आकडा नही छुटता," म्हणाले. काका म्हणाले, "पाहा, कोकण्याने दुसरा सतरावा पकडला." तेव्हापासून मी आकड्यांचा जाणकार झालो होतो, निदान त्या गल्लीत. ती पाठ मला अजून उबदार वाटत होती.

तर मी तक्त्याकडे पाहत राहिलो. काडीपेक्षा चकती मोठी, चकतीपेक्षा चेंडू मोठा, पाचव्यापर्यंत वाढत आलेला गोल पुढे एकाएकी लहान कसा होईल? आणि दहावा तर चकतीपेक्षाही लहान! मग मला दशांशचिन्हापुढचे आकडे दिसले. पुढच्या पाच ओळींत पहिला आकडा अनुक्रमे सहा, सहा, सात, सात, सात केला, तर काय होतं? ६.१६७७, ६.७२४८, ७.०५८७, ७.२९८५, ७.५५०२. एकही उलट जात नाही. हळूहळू, शहाण्यासारखे चढत जातात. मला फार आनंद झाला. म्हणजे चिन्हापुढचं सगळं बरोबर होतं आणि फक्त पहिला आकडा चुकला होता! बाईंना दिसत नाही, बिचाऱ्या कुठून तरी उतरवताना घसरल्या असणार.

'बिचाऱ्या' हा शब्द माझ्या मनात आला होता. तो मी इथे लपवत नाही.

आणि दुसरं हेही मनात आलं की आता फेडता येईल. पहिल्यांदाच माझ्याकडे असं काही होतं जे बाईंना हवं होतं आणि फक्त मी देऊ शकत होतो. मी पाच खिळे बदलले. प्रत्येक ओळीतला पहिला आकडा काढला, नवा बसवला. पाच मिनिटांचं काम.

सांगणार होतो मी त्यांना. खरंच सांगणार होतो. प्रूफ वाचायला बाई आल्या की सांगायचं, असं ठरवून ठेवलं होतं.

बाईंना आमचे बारीक टाइप आता वाचता येत नव्हते. म्हणून पद्धत अशी ठरली की त्या आपल्या मोठ्या अक्षरांतली प्रत वाचणार आणि मी प्रुफावर बोट ठेवून 'बरोबर' म्हणणार. त्यांचं वाचन, माझे डोळे. मजकुराला काका बसले, तक्त्याला मी. नेमके तेव्हा मालक येऊन आमच्यामागे उभे राहिले; आकड्यांत त्यांना रस नव्हता, काम कधी संपतं ते पाहत होते.

"एक : दोन."

"बरोबर."

पाचव्या ओळीपर्यंत ठीक चाललं. मग बाई म्हणाल्या, "सहा : पाच पॉइंट एक सहा सात सात."

माझ्या बोटाखाली सहा होता. मी तोंड उघडलं. सातवी शिकलेला जुळारी, मागे मालक, आणि समोर प्राध्यापक बाई, त्यांना म्हणायचं की तुमचं चुकलं. म्हटलं, मालक गेले की सांगू.

"बरोबर," मी म्हणालो.

"सात : चार पॉइंट सात दोन चार आठ."

"बरोबर."

बाईंचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या अडखळल्या नाहीत. उलट त्यांना मजा वाटत होती. जिन्याच्या पायऱ्या उतरावं तसं त्या वाचत होत्या, चार, तीन, अडीच, आणि शेवटच्या ओळीला तर हसल्या. चूक करणारं माणूस असं वाचत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि मला वाटतं कळलंही होतं. तरी मी पाचही वेळा 'बरोबर' म्हणालो. मालक हलले नाहीत. बाईंनी आपली प्रत घडी करून पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "छान. छापा आता."

पाच खिळे मी अज्ञानाने बदलले, त्याला माफी असू शकते. ते पाच 'बरोबर' मात्र अज्ञानाचे नव्हते.

मेळावा एका शाळेच्या मोठ्या खोलीत होता. शंभरेक शिक्षक असतील. पुस्तिकांचे गठ्ठे घेऊन मी गेलो होतो, वाटून झाल्यावर भिंतीशी बसलो. बाई छापील मराठीत फार सुंदर बोलत होत्या. काडीपासून सुरुवात करून त्या चौथ्या मितीपर्यंत आल्या, आणि मी कधी कॉलेजात गेलो नाही तरी मला सगळं समजत होतं. मग त्या थांबल्या.

"आता तुम्ही म्हणाल, मिती वाढली की गोल वाढणारच. मलाही तसंच वाटायचं. पुस्तिकेतला तक्ता उघडा आणि सहाव्या मितीपासून पुढे काय होतं ते तुमच्याच डोळ्यांनी पाहा."

पानांची सळसळ झाली. बाई वाट पाहत होत्या, चेहऱ्यावर हसू. खोलीतलं आश्चर्य ऐकायला त्या थांबल्या होत्या. ते 'मंग काय होते' त्यांनी इथल्यासाठी राखून ठेवलं होतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, आमच्या पुस्तकात तर वाढूनच राह्यला."

"फुगून राह्यला गोल!" दुसरा म्हणाला, आणि हशा झाला.

बाईंना वाटलं, लोक गंमत करतायत. "नीट बघा," त्या म्हणाल्या. मग पुढच्या रांगेतले ते दुसरे प्राध्यापक उठले, ज्यांचं नाव पुस्तकांसाठी घेतलं जात होतं. ते वाईट बोलले नाहीत. सभ्यपणेच म्हणाले, "बाई, आपला मजकूर म्हणतो गोल लहान होतो, आपला तक्ता म्हणतो मोठा होतो. विद्यार्थ्यांनी कोणाचं ऐकायचं?"

बाईंनी माझ्या दिशेला तोंड केलं. मी कुठे बसलोय ते त्यांना दिसत नव्हतं, अंदाजाने केलं. "सहावी ओळ वाच रे."

मी उभा राहिलो. पुस्तिका हातात होती. "सहा पॉइंट एक सहा सात सात."

"सातवी."

"सहा पॉइंट सात दोन चार आठ."

त्यांनी पुढची विचारली नाही. माझ्याकडून एक वाक्य हवं होतं. 'मी बदललं.' दोन शब्द. शंभर माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी उभा होतो, म्हणजे उठायचंही काम नव्हतं. माझ्या डोक्यात काय होतं सांगू? नोकरी जाईल. मग राजापूरला परत कुठल्या तोंडाने जाऊ? एवढंच होतं. बाई त्यात कुठे नव्हत्याच.

मी खाली बसलो.

बाई म्हणाल्या, "मजकूर बरोबर आहे. तक्त्यात चूक आहे, आणि ती माझी. प्रूफ मी वाचलं."

मग त्या फळ्याकडे वळल्या आणि दहाच्या दहा आकडे आठवणीतून लिहिले. नजर अधू असल्यामुळे ओळी तिरप्या जात होत्या, आठवी ओळ नववीवर चढली. काहींनी ते उतरवून घेतलं. बाकीचे आपसांत बोलत होते. पुढचं अर्धं भाषण त्यांनी पूर्ण केलं, पण आश्चर्याची ती एक जागा गेली ती गेलीच.

पुस्तकांचं काम त्या दुसऱ्या प्राध्यापकांकडे गेलं. कोणी तोंडावर काही बोललं नाही. मावशींकडून मला कळलं की मंडळींचं म्हणणं असं पडलं, बाई हुशार आहेत, पण ज्यांना स्वतःचा तक्ता तपासता येत नाही त्यांच्यावर चार पुस्तकं कशी सोपवायची?

मेळाव्यानंतर दोनच दिवसांनी छापखान्यात मालकांनी सगळ्यांना उभं केलं. मेळाव्याच्या लोकांनी त्यांना सुनावलं होतं. "किसने किया? कॉपी मागवतो बाईकडून. चूक ज्याची निघन, त्याने उद्यापासून यायचं नाही."

कॉपी, म्हणजे मूळ हस्तलिखित प्रत, बाईंच्या पिशवीत होती. तिच्यात जाड निबाने लिहिलेला पाच होता. आणि बाई तेव्हाच जिना चढून आल्या, मावशीचा हात धरून.

मालक म्हणाले, "बाई, कॉपी दाखवा बरं."

"पाह्यली मी. मावशीच्या पोरीकडूनही वाचून घेतली," बाई म्हणाल्या. "कॉपीतच चूक होती. तुमच्या मानसाने जसं होतं तसं जुळवलं."

ज्या बाई उत्तरपत्रिकेत अर्धा गुण उगाच देत नसत, त्या आकड्याबद्दल खोटं बोलल्या. माझ्यासाठी. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून खिळे उचलायला लागले.

मग बाई माझ्या पेटीशी स्टुलावर बसल्या. शुद्धिपत्र छापायचं होतं, उरलेल्या प्रतींत चिकटवायला. "घे," त्या म्हणाल्या आणि सांगू लागल्या. "लेखिकेच्या नजरचुकीने तक्त्यातील सहा ते दहा या ओळींत चुकीचे आकडे पडले आहेत."

मी 'लेखिकेच्या' जुळवलं. मग 'नजरचुकीने' जुळवलं. ज्यांची नजर जात होती त्यांच्या नावावर नजरचूक, आणि ती अक्षर अक्षर उचलून मी लावली. हात थांबला नाही. तेव्हाही मी म्हणू शकलो असतो की बाई, इथे दुसरा शब्द पाहिजे. त्या गेल्यावर काका हळूच म्हणाले, "कोकण्या, लय डोकं चालवलं ना गा तू?" मी पुढचं अक्षर उचललं. "बोल तिले. मोठी बाई आहे ते, तुले खाणार नाही."

त्या रविवारी बाईंनी मला ओसरीवर बोलावलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी एक लाकडी ठोकळा, एक चेंडू आणि थोडा दोरा घेऊन ठेवला होता.

"तुले काय वाटलं होतं? वाढतच जाईन?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं की त्यांना दिसलं नसणार. "हो," म्हणालो.

"सगळ्यांलेच वाटते. मलेही वाटलं होतं पहिल्यांदा. आता पाह्य." त्यांनी ठोकळ्यावरून बोटं फिरवली. "हा घन एक बाजूचा समज. गोलात असे किती घन मावतीन, तो आकडा आपण लिहितो. काडीत दोन काड्या. चकतीत तीनच्या वर चौकोन. चेंडूत चारच्या वर ठोकळे. समजलं?"

"समजलं."

"आता ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरा धर. चौकोनाचा कर्ण दीडच्या आत. ठोकळ्याचा पावणेदोनच्या आत. चौथ्या मितीत किती होते ठाऊक आहे? पुरे दोन. आणि गोल किती रुंद?"

"त्रिज्या एक, म्हणजे दोन."

"हाव! म्हणजे चौथ्या मितीत ठोकळा कोपऱ्यातून कोपऱ्यात गोलाएवढाच झाला. पाचव्यात गोलाहून लांब. दहाव्यात तीनच्या वर. ठोकळ्याची बाजू एकच राह्यते, पण त्याचे कोपरे दूर दूर पळते. गोल बिचारा आपल्या दोनातच. मंग असे ठोकळे त्यात कमी नाही मावणार तर काय?"

मी दोरा धरून बसलो होतो. कळलं. इतकं सरळ कळलं की डोळ्यात पाणी आलं, आणि बाईंना ते दिसत नाही ह्याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. पुढे तर गोल जवळजवळ उरतच नाही, म्हणाल्या. विसाव्या मितीत ठोकळ्याच्या चाळीसाव्या भागाएवढा जेमतेम भरतो. काकांकडची ती पानं मी मागून वाचली असती तर हेच त्यांत लिहिलेलं होतं.

बाई थांबल्या. मला बोलायला जागा ठेवली होती त्यांनी, मेळाव्यात लोकांसाठी ठेवली होती तशी. मी म्हणालो, "येतो बाई, मावशींचं पाणी भरायचं आहे."

ह्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. काका वारले. इतवारीतला छापखाना बंद झाला, मी शहराबाहेर वाडीला एका मोठ्या छापखान्यात लागलो, राहायलाही तिकडेच गेलो. तिथे खिळे नाहीत, अक्षरं कागदाच्या पट्टीवर निघतात. बाईंची नजर गेली. त्या त्याच घरात राहतात. रविवारी मी जातो, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. त्या अजून विचारतात, "घरी पत्र टाकलं का गा?" त्यांना सगळं माहीत आहे, हे मला माहीत आहे. तरी मी तोंडाने कधी सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं पुष्कळ बोललो, फक्त ते सोडून.

मध्यंतरी एकदा त्या सहज म्हणाल्या, की ती चार पुस्तकं अजून डोक्यात आहेत, प्रकरणांसकट. लिहिणार कोण?

बाई, हे लिहिलेलं तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून मीच वाचून दाखवणार आहे, ह्या ओळीसकट. ते झाल्यावर तुम्ही मला 'ऊठ' म्हणालात तर मी उठेन. 'बस' म्हणालात तर वही घेऊन बसेन. तुम्ही सांगायचं, मी उतरवायचं, जसं सांगाल तसं, समजलं नाही तरी तसंच, आणि समजलं नाही की लगेच विचारेन. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहीन की त्या तक्त्यातले पाच आकडे लेखिकेने नाही, जुळाऱ्याने चुकवले, आणि विचारलं तेव्हा तो गप्प बसला. चार पुस्तकांना किती वर्षं लागतील मला सांगता येत नाही. पण बाई, एक दिवस ती चारही तुमच्या हातात ठेवीन.